पिशवीतले चार रिकामे कप्पे

कवठे महांकाळला माझ्या दुकानाशेजारी एका धनगर मित्राचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघं फोनवर राक्षस मारायचा गेम खेळतो. माझ्या योद्ध्याची पिशवी तलवारी आणि मुकुटांनी कायम गच्च भरलेली. तो मात्र पिशवीतले चार कप्पे रिकामेच ठेवतो. त्यासाठी सोन्याची ढालसुद्धा बिनदिक्कत टाकून देतो. मी त्याला वेड्यात काढलं, तर म्हणाला, "मेंढरामागं हिंडताना आमचं सगळं बिऱ्हाड घोड्यावर असायचं गड्या. वाटंत कोकरू जन्मलं तर त्याला जागा नगं व्हय?"

परवा गुहेत माझा योद्धा जखमी होऊन पडला. जखमी गडी उचलायला चार कप्पे लागतात, हे मला तेव्हा कळलं. त्यानं मला पिशवीत घेतलं आणि तो चालू लागला.

माझ्या पिशवीत तेव्हा सात मुकुट होते.