लांब पडतं

आमचे हे गेले, त्यांना ह्यातलं अर्धं माहीत होतं. उरलेलं अर्धं ते गेल्यावर घडलं — म्हणजे पूर्ण गोष्ट माझ्याशिवाय कुणाकडेच नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा मी एवढी एक वगळून बसते. हसू नका. जमतं ते. सवयीने सगळं जमतं.

आधी एक करा — मला प्रेमळ म्हणू नका. इथे जर्मनीत, येनामध्ये सगळे म्हणतात. नव्याने आलेल्या पुण्याच्या पोरी पहिल्या थंडीत रडकुंडीला येतात, मी त्यांना मेतकूट-भात करून घालते, आन्मेल्डुंगच्या, म्हणजे सरकारी पत्तानोंदणीच्या रांगेत त्यांच्यासोबत उभी राहते. मग त्या म्हणतात, "काकू, तुम्ही नसता तर काय झालं असतं हो?" मी ऐकून घेते. त्या ज्या बाईबद्दल बोलतात तिला मी जवळून ओळखते, आणि मला ती मुळीच आवडत नाही.

तर ऐका. येनाच्या आधी आम्ही आफ्रिकेत, मलावीत होतो. बावीस वर्षं. हे चहाच्या मळ्यावर कारखान्यातली यंत्रं सांभाळायचे. आपली चार कुटुंबं होती तिथे, बाकी सगळे तिथलेच मजूर. मी सातवी शिकलेली. इंग्रजी शिकले ती डब्यांवरची अक्षरं लावून लावून, आणि तिथली चिचेवा शिकले बाजारात नि परसात. कुणी शिकवली नाही. फार अभिमान होता मला त्याचा — अजून आहे, लाज वाटते सांगायला, पण आहे.

मुलगा शिकून इथे लेन्सच्या कारखान्यात लागला. सून मृण्मयी विद्यापीठात. तिचं काम गरीब देशांतल्या दवाखान्यांवर — औषधं का पोचत नाहीत, बायका बाळंतपणाला दवाखान्यात का येत नाहीत, असलं. सुरुवातीची वर्षं आमचं दोघींचं जेमतेमच होतं. ती घरात नुसती हूं-हूं करायची, मी मुद्दाम भांडी वाजवायची. मग तिला त्याच मळ्याच्या भागात अभ्यास करायला मिळाला आणि एकदम मी कामाची झाले! "आई, तिथे लोक कसे राहायचे? आई, ह्याला काय म्हणतात?" रात्रीच्या जेवणाला तिच्या जर्मन साहेबांना घेऊन आली, म्हणाली, माझ्या सासूबाई आमच्या एक्सपर्ट. मी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या. तुम्हांला कळतंय ना, मला काय गमवायचं होतं? पोटासाठी नाही हो केलं मी पुढचं. ह्या एका शब्दासाठी केलं — एक्सपर्ट.

मीच तिला म्हटलं होतं, नुसत्या तरुण पोरींना विचारून काय उपयोग, बाळंतपण कुठे करायचं ते घरात सासू ठरवते, म्हाताऱ्यांना विचार. तिने लिहून घेतलं. माझ्याच सांगण्यावरून त्या म्हाताऱ्या अभ्यासात आल्या. हे विसरू नका, पुढे लागेल.

आता थोको. मलावीचीच मुलगी, गावोगाव फिरून मुलाखती ध्वनिमुद्रित करायची. कामाच्या आधी तीन आठवडे इथे येऊन राहिली, आमच्याकडेच. मला ती आवडली नाही — साफ सांगते. पहिल्याच दिवशी मी तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला लागले, वाटलं, आता ही चकित होणार. ती ऐकत राहिली, आमटी संपवली आणि इंग्रजीत म्हणाली, "मायी, तुम्ही छान बोलता. पण तुम्हांला नुसते हुकूमच येतात."

मायी म्हणजे आई, बाईसाहेब, काहीही. मी म्हटलं, "म्हणजे?"

"आण, ठेव, पूस, जा, उद्या ये, संपलंय. एवढंच येतं तुम्हांला. कुणाला काही विचारायचं असेल तर तुम्ही कसं विचारायचात?"

मृण्मयी हसली. थोकोही हसली, वाईट हेतूने नाही. पण मी ताट उचललं ते तिच्या समोरून, तिचं दही राहिलं होतं तरी. त्या दिवसापासून तिच्या भाजीत मी तेल कमी घालायची. एवढं क्षुद्र असतं का कुणी? मी होते.

त्यांच्या कामाचा एक नियम असतो. ज्याने मुलाखत घेतली त्याने तिचं भाषांतर करायचं नाही, दुसऱ्याने करायचं — म्हणजे कुणी आपल्या मनचं घुसडायला नको. तर ते दुसरं माणूस मी. ध्वनिफिती इथे यायच्या, त्यांवर बाईचं नाव नाही, घर नाही, फक्त नंबर. मी कानाला यंत्र लावून खिडकीशी बसायची आणि मराठीत लिहायची, मृण्मयी त्याचं इंग्रजी करायची. तेरा बायकांचं मी इमानाने केलं. खोकलासुद्धा लिहिला.

चौदा नंबरची बाई बोलायला लागली आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला माझ्या हातातलं पेन थांबलं.

ती माझ्याबद्दल बोलत होती.

मागचं सांगायला हवं आता. टाळता येत नाही. मळ्यावर एक छोटा दवाखाना होता, एक कंपाउंडर. तो तालुक्याला औषधं आणायला गेला की दोन-तीन दिवस यायचा नाही, आणि कपाटाची किल्ली आमच्या घरी ठेवून जायचा — कारण मला बाटल्यांवरचं वाचता यायचं. लोक मला डॉक्टर मायी म्हणायचे. मला ते आवडायचं. अहो, सातवी शिकलेल्या बाईला डॉक्टर म्हटलं तर आवडणार नाही का?

त्या वर्षी पावसात हिवतापाची साथ जोरात होती. औषध कमी आलं होतं. लहान मुलांच्या सिरपच्या थोड्या बाटल्या उरल्या, आणि मी ठरवलं — कुणी सांगितलं नव्हतं, मी ठरवलं — की ह्या आपल्या चार घरांसाठी राहू देत. आमच्यापैकी कुणी आजारी होतं का? नव्हतं. माझा मुलगा टुणटुणीत होता. लागल्या तर असाव्यात, एवढंच. दारात बायका आल्या की मी म्हणायची, संपलंय. पाच-सहा जणींना म्हटलं असेल. त्यांतली एक माझ्या लक्षात होती. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तेव्हा मी मनाशी म्हटलं, बघा, उतरला असेल ताप.

त्या बाटल्या लागल्याच नाहीत. मुदत संपली, तशाच बसून राहिल्या. मळा सोडताना आवराआवरीत ह्यांना सापडल्या. त्यांनी विचारलं, "ह्या इथे कशा?" मी म्हटलं, "आपल्याला लागतील म्हणून ठेवल्या होत्या." ते बाटल्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." एवढंच. त्यांचं अर्धं ते हे.

त्या बाईची मुलगी वाचली नाही, हे मला इथे खिडकीत बसून कळलं. पस्तीस वर्षांनी. खाली ट्राम चालली होती.

मी काय केलं? यंत्र काढलं. चहा केला. परत बसले आणि चौदा नंबरच्या पानावर लिहिलं — दवाखाना लांब पडतं म्हणून जात नाही. दवाखाना पडतो की पडतं, तेही धड लिहिता आलं नाही, मृण्मयीने हसून सुधारलं. पुढे आणखी चौघीजणी त्या कपाटाबद्दल बोलल्या. कुणी ऐकलेलं सांगत होती, कुणी बघितलेलं. तिथे औषध असूनही देत नाहीत, म्हणून आमच्यात कुणी जात नाही. मी चारही ठिकाणी लिहिलं, लांब पडतं. पहिल्यांदा मध्ये उठून चहा करावा लागला होता. पाचव्यांदा नाही लागला.

अभ्यासाचं उत्तर काय निघालं असेल? अंतर. बायका अंतरामुळे येत नाहीत, गाड्या द्या. मृण्मयी खूश. तिच्या जर्मन लकबीत म्हणाली, "आल्झो आई, इतकं स्पष्ट उत्तर क्वचित मिळतं."

पण त्यांच्यात आणखी एक रीत असते, ती मला ठाऊक नव्हती. शेवटी परत गावात जायचं आणि ज्याचं त्याचं उत्तर त्याला वाचून दाखवायचं — बरोबर लिहिलंय का, विचारायचं. थोको गेली. चौदा नंबरच्या बाईसमोर बसून तिने वाचलं, दवाखाना लांब पडतो. तर ती म्हातारी हसत सुटली म्हणे. हाताला धरून थोकोला अंगणाच्या टोकाला घेऊन गेली. समोर दवाखाना. जुन्या जागेवरच नवा बांधलाय सरकारने. मध्ये एक कुंपण.

दुपारी मृण्मयी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून थोकोशी बोलत होती. मी शेजारी कोथिंबीर निवडत होते. थोको म्हणाली, ध्वनिफितीत असं नाहीच, मी तिथे होते, मी ऐकलंय. मृण्मयीने स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

"आई, चौदा नंबर. नक्की हेच होतं ना?"

"गेनाऊ, अगदी हेच," मी म्हटलं. "जे ऐकलं तेच लिहिलं."

थोको माझ्याकडे बघत होती. रागाने बघत होती, पण त्याहून वाईट म्हणजे तिला समजत चाललं होतं — मला दिसत होतं ते. ती मळ्याचा हिशोब मनात जुळवत होती. मग ती तिच्या भाषेत माझ्याशी बोलली, हळू, शब्द सुटे करून. म्हणाली, "मायी, ती किल्लीवाली बाई तुम्ही होतात. मी विचारतेय. हुकूम नाही करत, विचारतेय."

मृण्मयीने विचारलं, "काय म्हणतेय?"

आणि मी — कोथिंबिरीची काडी मोडत — म्हटलं, "तब्येतीला जपा म्हणतेय."

एवढंच आहे माझं. बाकीचं सांगताना मी रडले असते, पण ह्या एका वाक्याला रडूही येत नाही. दोघींच्या मध्ये बसून, दोघींच्या भाषा कळणाऱ्या एकमेव माणसाने, एकीचं तोंड दुसरीसमोर बंद केलं. तेव्हा कुणी धाक घातला होता मला? साथ होती? औषध कमी होतं? काहीही नव्हतं. हातात कोथिंबीर होती.

नंतर मृण्मयी तिच्या साहेबांना फोनवर सांगत होती, फितींचे नंबर थोकोने अदलाबदल केलेत, दुसरं काय. आई तिथे बावीस वर्षं राहिल्यात, त्या कशाला खोटं सांगतील? थोकोने लांबलचक पत्र लिहिलं. त्याला दोन ओळींचं उत्तर गेलं. तिचं काम पुढे वाढवलं नाही. अहवाल छापून आला, त्यात आभाराच्या यादीत माझं नाव आहे. मृण्मयीने ते पान चौकटीत घालून माझ्या खोलीत लावलंय. मी रोज सकाळी त्याच्याखालून उठते.

हे मृण्मयी वाचेल. वाचू दे. थोकोला मराठी येत नाही — म्हणजे पुन्हा मी मला सोयीच्या भाषेतच बोलते आहे, हेही लिहून ठेवते.

फीत माझ्याकडे आहे. काल परत ऐकली. हे चौदा नंबरच्या बाईचं उत्तर, जसं आहे तसं.

"का जात नाही विचारतेस? बस इथे माझ्या उंबऱ्यावर. ती बघ भिंत. पाण्याला जाताना मी तिला हात लावून जाते. आत जात नाही. माझी पहिली मुलगी पाठीला बांधलेली होती. तिचा ताप माझ्या पाठीला चटके देत होता. किल्ली तेव्हा एका भारतीय बाईकडे असायची. मी म्हटलं, पोरीला औषध दे. ती म्हणाली, संपलंय. तिच्या मागे कपाट उघडं होतं, मला बाटल्या दिसत होत्या. मी बोट दाखवलं. तिने वळून बघितलं, कपाट लावलं, आणि म्हणाली, उद्या ये. उद्या मी मुलीला मातीत ठेवत होते. चिकोंडी नाव तिचं. लिहिलंस? मग माझ्या सुनेला मी तिथे पाठवू? नातीला पाठवू? माझ्या घरातलं कुणी त्या दारात उभं राहणार नाही. तिला वाटलं असेल मला वाचता येत नाही म्हणून मला दिसतही नाही. मला दिसलं. औषध होतं."

ह्याच्या जागी मी लिहिलं होतं — लांब पडतं.