हातात नको, स्टुलावर ठेव

पोकुआ आपल्या माणसांच्या हातात कधी काही देत नसे. चिमूटभर मीठ असो, पाण्याचा पेला असो, दारातल्या बुटक्या लाकडी स्टुलावर ठेवायची आणि मागे सरायची. ज्याला हवं त्याने उचलावं. परक्यांशी मात्र असं नव्हतं. माम्पोंगच्या बाजारात तीच बाई गिऱ्हाइकाच्या तळहातावर धुरावलेला मासा थापायची आणि वर म्हणायची, "वास घे, वास. नाकाला काय जकात पडते?" स्टुलाचा नियम फक्त आईकडच्या कुळाला होता. चेटूक आईच्या रक्तातून येतं, मरणाऱ्या म्हातारीच्या हातून पुढच्या हातात जातं, आणि ज्याला लागतं तोही आईकडचाच असतो. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चावतो तो आपल्याच कपड्यातला किडा, असं तिथली म्हातारी माणसं म्हणतात.

तिच्या मागे हे लागलं ते आजीपासून. आजी जाणार हे दिसत होतं तेव्हा पोकुआ न्हातीधुती झालेली नव्हती. धाकटी बहीण फ्रेमा बाहेर खेळत होती, आई विहिरीवर गेली होती. आजीने कमरेचे मणी सोडले. काळ्यापांढऱ्या मण्यांच्या मधोमध एक जाड पिवळा मणी होता, आजीच्या आजीपासून आलेला. "हात पुढं कर," आजी म्हणाली. पोरीने हात पुढे केला. अशा वेळी हात मागे घ्यायचा असतो हे आईने तिला बजावून सांगितलं, पण ते आजीला पुरून आल्यावर. वरातीमागून घोडं.

तेव्हापासून पोकुआचं जे काही बरं झालं ते मण्यांमुळे, आणि इतरांचं जे काही वाईट झालं तेही मण्यांमुळेच. येजीला तळ्याकाठी जाऊन मासे आणायचा धंदा तिने सुरू केला. लॉरीच्या टपावर टोपल्यांबरोबर बसून यायची, घरी आणलेला माल पुन्हा मातीच्या भट्टीवर धुरी देऊन टिकवायची. लाकूड कुठलं घ्यायचं, आच केव्हा मोडायची, हे तिला नीट कळायचं. कुळात पत्र्याचं पहिलं छप्पर तिच्या घरावर चढलं. तिला मूल मात्र झालं नाही. नवरा लॉरीवर होता. वाट पाहून पाहून तो दुसरीकडे नांदू लागला. पैसा आहे आणि मूल नाही, म्हणजे पोटातलं विकून पैसा घेतला, असा हिशेब लोकांनी मांडला. स्वतः चुलीपाशी बसून डोळे जाळून घेतल्याचा हिशेब कोण मांडतो?

मग ते रानं पेटल्याचं साल आलं. मका वाळला, कोनफळं जमिनीतच करपली, माणसं कंदमुळं खणत हिंडू लागली. फ्रेमाची मुलगी बोआतेमा. तिचे दोन मुलगे त्या वर्षी गोवर येऊन गेले, एकामागोमाग एक. गावभर चूल पेटत नव्हती आणि पोकुआच्या भट्टीतून धूर निघत होता. आणखी काय पुरावा हवा?

बोआतेमाचा भाऊ न्यार्को नुकताच कुळाचा कर्ता झाला होता. तो आपल्या मावशीला, म्हणजे पोकुआला, देवस्थानी घेऊन गेला. तिथली रीत सरळ होती. देवरुषी कोंबडीचा गळा चिरून तिला मोकळी सोडतो. तडफडून उताणी मेली तर बाई निर्दोष; पालथी मेली तर बाईने कबूल व्हावं, शुद्ध होऊन घरी जावं. पोकुआच्या नावाची कोंबडी अंगणभर धडपडली, एका खांबाला टेकली आणि कुशीवर मेली.

देवरुषी वाकून वाकून बघत राहिला. "दुसरी आणा," म्हणाला.

दुष्काळात दुसरी कोंबडी कुठून आणायची? पहिलीच उसनी होती. "पीक आलं की येऊ," न्यार्को म्हणाला. पुढे पीक आलं, कोंबड्याही झाल्या, पण तोवर लोकांना दुसरे उद्योग मिळाले होते. एका कोंबडीवाचून पोकुआचा निवाडा राहिला तो राहिलाच. दोषी ठरली असती तर शुद्ध होऊन सुटली तरी असती. आता ती धड इकडे नाही, धड तिकडे नाही.

स्टुलाची सवय तिने तेव्हापासून लावून घेतली. लोकांना वाटे, आपल्या भीतीला मान देते बिचारी. पण खरं वेगळंच होतं. ज्याच्यात ते असतं त्यालाही ते कळत नाही, माणूस झोपलेला असतो आणि ते बाहेर पडून काम करून येतं, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. त्या दोन पोरांचे चेहरे तिच्या डोळ्यांपुढून हलत नसत. आपण केलं नाही, एवढं तिला माहीत होतं. आपल्यातल्या कशाने केलं नाही, हे ती कोणत्या तोंडाने सांगणार? तिला स्वतःचीच भीती वाटे, आणि ही भीती तिने कुणालाही बोलून दाखवली नव्हती.

बोआतेमा मुलांच्या दुःखाने गाव सोडून अबिजानला गेली. मागे राहिली रांगती मुलगी, तिवा. तिला आधी फ्रेमाने सांभाळलं. वर्षभरात फ्रेमाही वारली. आता पोर कुणी घ्यायची? न्यार्कोच्या घरात आधीच खाणारी तोंडं फार. चेटकिणीच्या घरी निदान मासे होते. भुकेपुढे चेटूकही जरा बाजूला सरतं.

पोकुआने तिवाला न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या, ताप आला की छातीशी धरून झोपवलं. शिवणाच्या दुकानात शिकायला घातलं. द्यायचं मात्र स्टुलावरून. रश्शाची वाटी स्टुलावर, शाळेची पाटी स्टुलावर.

"आजी, तुझे हात भाजतात का गं?" पोरीने एकदा विचारलं होतं.

"हो. तू उचल आपली."

तिवा मोठी झाली, शिवणात नाव काढलं, दोंकोर नावाच्या मास्तराशी लग्न झालं. पहिली मुलगी झाली तेव्हा ती बाळंतपणाला आजीकडेच आली, आणि बारशाआधी म्हणाली, "बाळाच्या कमरेला मणी तूच बांधायचेस. बाजारातले नकोत, तुझेच."

मुलाचं नाव बापाकडचे ठेवतात. मणी बांधते ती आईच्या कुळातली सगळ्यांत मोठी बाई. पोकुआ सगळ्यांत मोठी होतीच. ती आधी नाही म्हणाली. मग मणी काढून धुऊन वाळत घातले. मग पुन्हा गुंडाळून पेटीत ठेवले. शेवटी बारशाच्या पहाटे ते पदराच्या गाठीत बांधून ती अंगणात आली. बांधणं म्हणजे काही देणं नव्हे, अशी तिने आपली समजूत घातली. माणसाला हवंसं वाटलं की समजूत कशीही पटते.

अंगण भरलं होतं. दोंकोरच्या आत्याने बाळाच्या जिभेवर पाण्याचा थेंब ठेवला, मग दारूचा ठेवला, पाण्याला पाणी म्हण आणि दारूला दारू म्हण असं बजावलं, आणि स्वतःचंच नाव ठेवलं, कोनादू. मग त्याच कोनादूबाई पानावर बसल्या. पामतेलात कालवलेलं कोनफळ आणि त्यावर अंडं, शिवाय पोकुआच्या माशांचा रस्सा. बापाकडची मंडळी बोटं चाटत होती. तिवाच्या आईकडचे मात्र पोट बिघडल्याचं सांगत बसले होते, सगळ्यांचं एकदम.

पोकुआने गाठ सोडली आणि पिवळा मणी दिसला.

"मावशी, थांब," बोआतेमा उठली. ती बारशासाठी म्हणून आली होती. केस पिकले होते. "तू नको बांधूस. माझी दोन गेली. या नातीला तरी राहू दे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली.

न्यार्कोने घसा खाकरला. "वाद नको. अंगणात दोन पांढऱ्या कोंबड्या आहेत. त्या वर्षी राहिलेलं आज उरकून टाकू. उताणी पडली, तर मावशीनं खुशाल बांधावं."

"अहो मामा," कोनादूबाई तोंडात घास ठेवूनच म्हणाल्या, "कोंबड्या रश्शासाठी आणल्यात का कोर्टासाठी?"

"विहीणबाई, हा आमच्या घरातला मामला आहे."

"असू दे, असू दे. तुमचं चेटूक आम्हाला कुठं चढतंय! पण विहिणीच्या हाताला चव आहे हो. तुम्ही कसले करंटे, उपाशी बसलाय."

कुणीतरी हसलं. न्यार्को कोंबडीकडे वळला.

"नको मारू तिला," पोकुआ म्हणाली. "एक मेलीय माझ्यापायी. पुष्कळ झालं." तिने मणी स्टुलावर ठेवले आणि नेहमीसारखी मागे सरली. "बांधा कुणीही."

आईकडच्या बाया तिथे होत्या. कुणी लुगडं सावरलं, कुणी पोराचं नाक पुसलं. मणी कुणी उचलले नाहीत. पोकुआला वाटलं, आपण येजीला असतो तर बरं होतं. तिथे कुणी आपलं नाही.

तिवाने बाळ नवऱ्याकडे दिलं आणि स्टुलापाशी आली. पण तिने मणी उचलले नाहीत. "आजी, उचल ते. माझ्या हातात दे."

"घे की तिथून. रोज घेतेस."

"रोज घेते. आज नाही घेणार."

"तिवा!" बोआतेमा ओरडली. "हात मागं घे!"

"घेतला असता गं आई. पण ते शिकवायला तू इथं नव्हतीस."

बोआतेमाचा चेहरा उतरला. तिवालाही ते लागलं, पण तिचा हात तसाच पुढे राहिला.

पोकुआ तिच्या जवळ गेली आणि जन्मात पहिल्यांदा ते बोलली, अगदी खालच्या आवाजात, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "पोरी, माझ्यात ते आहे का नाही, मला खरंच ठाऊक नाही गं."

"नसेल तर प्रश्नच मिटला," तिवा म्हणाली. "आणि असेल, तर ते घरच्याच माणसाला लागतं म्हणतात ना? मग मला लागू दे. नाहीतर मी तुझी कोण?"

पोकुआने मणी उचलले. तिवाच्या तळहातावर ठेवले, पण बोटं सुटेनात. आजीचा सुकलेला हात तिला दिसत होता, आणि आपला लहान हात.

"सोड आता. बाळ भुकेलंय."

तिने सोडले. मग तिवाने बाळाला धरलं आणि पोकुआने गाठ मारली. पोर कळवळून रडली. "आवाज माझ्यावर गेलाय," कोनादूबाई म्हणाल्या. आईकडची मंडळी उन्हं चढायच्या आत निघून गेली.

बोआतेमाला तसं निघता आलं नाही. परतायला कुमासीची लॉरी दुपारची होती. ती ओसरीवर बसून राहिली, सकाळपासून पोटात काही नाही, ऊन मी म्हणत होतं. तिवा पाण्याचा पेला घेऊन आली. बोआतेमाने पेल्याकडे पाहिलं, मग मुलीच्या हाताकडे.

"स्टुलावर ठेव," ती म्हणाली.

भट्टीपाशी पोकुआच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं. हेच होणार होतं. हेच त्या पोरीच्या वाट्याला येऊ नये म्हणून तिने इतकी वर्षं वाटी स्टुलावर ठेवली होती. आता उठावं, पोरीच्या हातातून पेला हिसकावावा, असं तिला वाटलं. तिला रडू आलं.

तिवाने स्टूल पायाने ओढलं आणि स्वतः त्यावर बसली. हातातला पेला आईपुढे धरला.

"स्टुलावर मी बसलेय. आता?"

बोआतेमाने रस्त्याकडे पाहिलं. लॉरीचा पत्ता नव्हता. तिवाचा हात अवघडला, पाणी जरा हिंदकळलं, पण तिने तो खाली घेतला नाही. मग बोआतेमाने पेला घेतला, डोळे घट्ट मिटले आणि एका दमात पाणी संपवलं. रिकामा पेला ठेवायला तिने सवयीने स्टूल शोधलं. ते मोकळं नव्हतं. तिने तो लेकीच्या हातात दिला.