चंपावहिनींचा फिल्टर

चंपावहिनींना मोटारसायकल चालवता येत नव्हती. मागे बसायचाही त्यांनी धसका घेतला होता. आणि तरी सबंध दापोली तालुक्यात एअर फिल्टर त्यांच्याइतका स्वच्छ कुणी ठेवला नसेल. हे मी कौतुकानं सांगत नाही. या प्रकाराला मी जबाबदार आहे आणि आजही ते आठवलं की जेवण जात नाही.

दापोलीत एसटी स्टँडमागे माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, चार पत्रे आणि गिऱ्हाइकाला बसायला एक चिऱ्याचा कट्टा. राजाराम माझा शाळेपासूनचा दोस्त, बुरोंडीच्या वाटेवरच्या एका वाडीतला. मुंबईला गोदीत कामाला होता. एक्याऐंशीच्या मे महिन्यात सुट्टीवर आला असताना त्यानं एक जुनी राजदूत मोटारसायकल घेतली, महिनाभर बायको सोडून सगळ्या वाडीला फिरवून आणलं आणि जाताना गाडी पडवीत उभी करून गेला. "दादू, गाडीकडे लक्ष ठेव रे," एवढं मला सांगून गेला. बायकोकडे लक्ष ठेवायला त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

पुढच्या मे महिन्यात तो आला नाही. पत्रंही थांबली. पावसाळा सरल्यावर एक दिवस त्याची बायको, चंपावहिनी, एसटीनं माझ्याकडे आल्या. काळ्यासावळ्या, किडकिडीत, बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळायची सवय. म्हणाल्या, "भावजी, गाडी नुसती हुभी हाय. तिचा काय करायचा?"

माझ्यासमोर एक इंजिन उघडं पडलं होतं आणि त्याचा मालक डोक्यावर उभा होता. मी वैतागलो. म्हटलं, "महिन्यातून एकदा फिल्टर धुवा." बला टळावी म्हणून दुसऱ्याच एका गाडीचं झाकण काढून दाखवलं. ही जाळी बाहेर काढायची, पेट्रोलात बुडवून ब्रशनं धुवायची, सावलीत वाळवायची, तेलाचा हात फिरवून परत बसवायची. त्यांनी मान डोलावली आणि गेल्या.

आता खरी गोष्ट अशी की, उभ्या गाडीचा फिल्टर मळतच नाही. इंजिन चालू झालं की ते हवा ओढणार, हवेबरोबर धूळ येणार, ती जाळीत अडकणार. आमच्याकडे एप्रिलात रस्त्यावर असा लाल फुफाटा असतो की चालत्या गाडीची जाळी पंधरा दिवसांत विटेसारखी दिसते. पण पडवीत गोणपाटाखाली झाकलेली गाडी कसली धूळ ओढणार? मला वाटलं, बाई एकदा धुईल आणि विसरून जाईल.

महिन्यानं वहिनी हजर. वर्तमानपत्रात गुंडाळलेली जाळी पिशवीतून काढून त्यांनी माझ्यासमोर धरली. मी ती उजेडाकडे करून पाहिली, "झकास" म्हटलं. त्या कट्ट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, मी काही बोलतो का ते बघत राहिल्या, मग दीडच्या बुरोंडी गाडीनं परत गेल्या. असं दर महिन्याला. लावणीच्या दिवसांतसुद्धा, पायाचा चिखल तसाच. शेजारचा टायरवाला त्यांना 'फिल्टरवाली' म्हणायचा. मीही हसायचो, कशाला खोटं सांगू?

त्र्याऐंशीच्या दिवाळीत दत्ताराम नावाचा गोदीतला एक माणूस प्लग बदलायला आला. राजारामचा विषय निघाला, तर तो सहज म्हणाला, "त्यानं तिकडं दुसरं घर केलंय की. मुलगी पण झाली." मी प्लग बसवून त्याचे पैसे घेतले.

पुढच्या खेपेला वहिनींना सांगायचं, असं मी ठरवलं. त्या आल्या, कागद उलगडला, आणि मी म्हणालो, "झकास." त्यानंतरच्या खेपेलाही तेच. बाई आशेवर जगतेय, फिल्टरच्या नादात तिचे दिवस जातायत, आपण कशाला विष कालवायचं, असं मी स्वतःला समजावायचो. तो नुसता भित्रेपणा होता. त्याला दयेचा सदरा घालून मी अडीच वर्षं मिरवला.

शहाऐंशीच्या एप्रिलात बुरोंडीचा बाबल्या गॅरेजवर आला. दापोलीला मासे आणायला त्याला गाडी हवी होती. राजारामशी मुंबईतच व्यवहार उरकून तो गाडीची कागदपत्रं घेऊन आला होता. बरोबर माझ्या नावानं चिठ्ठी. 'दादू, गाडी चालू करून याला दे. घरी सांग.' घरी काय सांगायचं ते काही लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाडीत गेलो. वहिनी पडवीत बसून जाळीच धूत होत्या. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "वहिनी, राजारामनं गाडी विकली. हा न्यायला आलाय."

त्या रडल्या नाहीत, की कधी, कुणाला, का, असं काही विचारलं नाही. ब्रश मात्र थांबला. गाडी दारात आहे तोवर माणूस तिच्यासाठी का होईना परत येईल, हा त्यांचा हिशोब होता, आणि तो आमच्या डोळ्यांदेखत मोडला. बाबल्या भला माणूस. तो चाचरत म्हणाला, "र्‍हावं दे वयनी ती जाळी. मी तशीच नेतो."

"तशी नको. रस्त्याला धूळ हाय," वहिनी म्हणाल्या.

आम्ही दोघं थांबलो. जाळी वाळली. त्यांनी तेलाचा हात फिरवला, जाळी बसवली, झाकणाचे स्क्रू आवळले. मी नवा प्लग घातला, पेट्रोल भरलं. दहाबारा किका मारल्यावर गाडी बोलली आणि बाबल्या तिला घेऊन गेला.

पडवीत आम्ही दोघंच उरलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. निदान एक तरी गोष्ट कबूल करावी म्हणून म्हणालो, "वहिनी, माफ करा. उभ्या गाडीचा फिल्टर मळत नाही. मी उगाच सांगितलं होतं."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या येळंलाच कळला. जाळी धुवून पन पेट्रोल ओतला तसाच साफ र्‍हायचा."

"मग साडेतीन वर्षं दर महिन्याला येत कशाला होतात?"

त्या खाली बघत बोलल्या, "तुमी त्यांचं दोस्त. मुंबैची मानसा तुमच्याकडं येतात. कदी काय कळला तर सांगशाल, असा वाटायचा. बाईमानसानं तोंडानं इचारायचा कसा? म्हनून जाळी घेऊन यायची." मग मान वर करून त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. "तुमाला कदीच काय कळला नाय ना, भावजी?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. पेट्रोलचा डबा उचलून बाजूला ठेवला. म्हणाल्या, "आता जाळी पन नाय. फुडल्या महिन्यात तुमच्याकडं काय घेऊन येऊ?"

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी चपला पायात घातल्या आणि एसटीची वाट बघायला रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.