पुष्पक विमानाचा तोल

पडदा वर गेला होता. राम, लक्ष्मण आणि सीता विमानात बसले होते, पेटीवाल्याने सूर धरला होता, आणि पुष्पक विमान काही जमीन सोडेना.

ही गोष्ट पारनेरची. लढाईचे दिवस. रॉकेल मिळेना, म्हणून आमची नाटक कंपनी दुपारीच खेळ लावायची. मी कंपनीचा सुतार, दाविद मिस्त्री. नगरच्या मिशनच्या वर्कशॉपात शिकलो. विमान माझ्याच हातचं. मागल्या दोन गावांत ते अडलं होतं, तेव्हा मालकांनी सकाळीच बजावलं होतं, "मिस्त्री, आज उडलं न्हाई तर करवत गुंडाळा आन् घरचा रस्ता धरा."

विमान उडायचं ते तराजूसारखं. एकीकडे विमान, दुसरीकडे वाळूची पोती, दोर वरच्या कप्प्यांवरून विंगेत. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की दोन गडी आरामात ओढतात. याला आम्ही तोल म्हणायचो. सकाळी तिघा नटांना बसवून मी तोल घेतला, तेव्हा विमान झकास उठलं होतं.

दोरावरचा बबन घामाघूम झाला. "मिस्त्री, लई जड झालंय. हलंना!"

मी वाकून पाहिलं. रामाच्या पायाशी नारळांची रास, बाजरीची गाठोडी. कुणी तर गुळाची अख्खी ढेपच ठेवलेली! देवाचं विमान म्हणून गाव खेळाआधी पाया पडून गेलं होतं. मी तेव्हा निवांत जेवत होतो. मागल्या गावांतही हेच झालं असणार, आणि मी आपला कप्प्यांना तेल देत बसलो होतो. स्वतःचा भयंकर राग आला.

मालक धावत आले. "काढा ते नारळ बाहेर!"

"लोकांदेखत? आणि मी, ख्रिस्ती माणसानं?"

तंबूत कुजबुज वाढली.

तिकडचं वजन कमी होणार नसेल तर इकडचं वाढवायचं. विमान खाली, म्हणजे पोती वर. शिडी लावून चढलो, पोत्यांवर मांड ठोकली. "बबन, ओढ आता!"

मी सावकाश खाली आलो, विमान तेवढंच वर गेलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. रामाने पद म्हटलं. पब्लिकने वन्स मोअर दिला. मग आणखी एक. मी उठलो असतो तर तिघे धाडकन आपटले असते.

"मिस्त्री, हलू नगा," बबन पुटपुटला.

तिसऱ्या वन्स मोअरला माझे पाय बधिर झाले. पण बसून राहिलो.

खेळ संपल्यावर मालक एवढंच म्हणाले, "करवत राहू द्या." त्यांनी रामाला शाल दिली.

त्या दिवसापासून मी सकाळचा तोल बंद केला. गावाची पूजा आटोपायची, शेवटची म्हातारी पाया पडून बाजूला व्हायची, मगच मी पोत्यांत वाळू भरायचो. वर्कशॉपात हे कुणी शिकवलं नव्हतं.