अंधारातली प्लेट

आज दुपारी मी एका लॅबमधलं ट्यूबलाइटचं बटण दाबलं, अन् तिथंच माझं सगळं बदललं.

दोस्तहो, प्राजक्ता माझ्यासोबत बीएस्सीले होती, तवापासून आमचं जमलं होतं. मी मधातच कॉलेज सोडून हथखोजच्या फॅक्टरीत लागलो, ती एमएस्सी करून राहिली. आठवडाभर तिनं फोन उचलला नाही, म्हणून थेट लॅबमध्ये गेलो. खोलीत अंधार, अन् आतून तिचा अन् एका पोराचा आवाज. माझं डोकं सटकलं.

दार ढकललं, बटण दाबलं, लाइट लागला. दोघं टेबलाच्या दोन टोकाले, हातात ग्लव्हज.

"पागल झाला का बे?" ती ओरडली. "या प्लेटमधल्या कॅन्सरच्या पेशींवर रंग टाकला आहे. उजेड पडला की तो रंग पेशी मारते. अंधारात तो काहीच करत नाही, हे दाखवायचं होतं मले. चार दिवसांची मेहनत गेली!"

पोरगा म्हणाला, "भाई, दरवाजा खटखटा तो लेते."

"सॉरी. पण तू फोन कावून नाही उचलला?"

"याच्यासाठीच. तू विचारत नाहीस, सरळ घुसतोस."

बाहेर आलो अन् दार हळूच लावून घेतलं.