देवराईचा कौल

सर गेले तेव्हा माझ्या हातात फोन थरथरत होता.
आणि मी तो उचलला नाही.

सर आमच्या विद्यापीठात बॉटनी शिकवायचे. माझे पीएचडीचे गाईड.

माझा विषय, एका गावच्या देवराईतली झाडं. सरकारी परवानग्या सगळ्या हातात होत्या. तरी सर म्हणाले, "आधी कौल लावायचा."

म्हणजे गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवणार. उजवी आधी पडली तर होकार. डावी पडली तर आल्या वाटेने घरी.

मागच्या वर्षी डावी पडली.

मी भडकले. "सर, तुम्ही घरी साधी उदबत्ती लावत नाही. आणि माझी पीएचडी पाकळीवर?"

"देवाला नाही गं, मी गावाला विचारतोय. राई त्यांची आहे."

स्टाफरूममध्ये लोक हसले. सर हसले नाहीत. वर्षभर ते एकेक डिपार्टमेंट त्या गावात नेत राहिले.

मरीन बायोलॉजीच्या पोरांनी विहिरींचं पाणी तपासून दिलं. मराठीच्या रुक्सारने जाखडीची गाणी रेकॉर्ड केली, वर नाचूनही आली. कॉम्प्युटरवाले शिकवायला गेले आणि क्रिकेटमध्ये सपाटून हरून आले.

काल पुन्हा कौल होता. आणि सर आयसीयूत.

मी म्हटलं, "मी नाही जात."

"इथे बसून काय माझी नाडी मोजणार? गावाने बोलावलंय. जा. आणि पडली की लगेच फोन कर मला."

मी गेले.

देवळात सगळा गाव. आप्पा गुरवांनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. "म्हाराजा, आमचा मास्तर आजारी हाय. त्येची पोर दारात आलीय. काय त्या खरा सांग."

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव एका सुरात म्हणाला.

मग कोणी हललं नाही. पाकळ्याही नाहीत.

तेवढ्यात फोन. स्क्रीनवर काकूंचं नाव. सरांच्या मिसेस.

मी निघू लागले तशी शेजारची म्हातारी कुजबुजली, "उगी रव गो बाय. कौल लागलाय, मधीच उठू नुको."

फोन थांबला. पुन्हा सुरू झाला. डावी पाकळी जराशी सरकली.

आणि उजवी पडली.

गाव ओरडला. मी अंगणात धावले, फोन लावला.

"काकू, सरांना द्या ना!"

"गेले गं. आत्ताच."

मी अंगणातच खाली बसले. काकूच म्हणाल्या, "कौलाचं काय झालं? सकाळपासून तेच विचारत होते. थांब, त्यांच्या कानाशी धरते. तूच सांग."

मी सांगितलं.
दोनदा सांगितलं. पहिल्यांदा आवाजच फुटला नव्हता.

सर, सोमवारी आम्ही राईत जातोय. तुम्ही शिकवलंत तसं, चपला बाहेर काढून.

येते सर. नमस्कार.