दाराकडे तोंड केलेली खुर्ची

आप्पा गेले त्या दुपारी आमच्या शिरूरच्या घरात पहिला प्रश्न उभा राहिला तो दौंडला फोन कुणी करायचा हा. माझे सासरे, म्हणजे आप्पा, रेल्वेत रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगचे मुकादम होते. सारी नोकरी दौंडच्या रेल्वे कॉलनीत गेली, त्यामुळे तिकडची माणसं पुष्कळ. माझ्या नवऱ्यानं एकेक फोन लावत सगळ्यांना कळवलं. राहिला एकच नंबर, बबनमामांचा. आप्पांचे एकेकाळचे जिवलग, आणि नंतर कित्येक वर्षं त्यांच्याशी एक अक्षरही न बोललेले. नवऱ्यानं फोन माझ्याकडे सरकवला. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तूच कर. त्ये काम तुझंच हाय." मी केला. पलीकडून उत्तर आलं, "बरं" एवढंच. बबनमामा अंत्ययात्रेला आले नाहीत, जलदान विधीलाही आले नाहीत. मला राग आला आणि तो मी कुणापासून लपवला नाही.

"त्ये काम तुझंच" असं सासूबाई म्हणाल्या, त्याला कारण आप्पाच. मी तळेगाव ढमढेऱ्याची. लग्न होऊन दौंडच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा आप्पांनी काही दिवस काही न बोलता माझं काम पाहिलं आणि मग सासूबाईंना सांगितलं, "हिच्या हातची भाकरी काय खरी न्हाई. भाकरी तूच कर. आल्यागेल्याचं हिच्याकडं दे, माणसं राखील ही." मी न्हाणीघरात जाऊन रडले होते. नव्या सुनेला असं कुणी तोंडावर सांगतं का? आता हसू येतं, कारण माझी भाकरी अजूनही खरी नाही आणि घरी आलेलं माणूस चहा घेतल्याशिवाय गेलेलं नाही. आप्पांना ही खोडच होती. कुठलं माणूस कुठं शोभेल, हे ते सारखे बघत असत. कुणाच्या लग्नात वाढप्यांची रांग उभी राहिली तरी, ह्याच्या हातात वरणाची बादली नको, सांडील, असं पुटपुटायचे. आणि तो सांडायचा.

गँगमध्ये मात्र हा जिवाचा मामला होता. दहा-बारा माणसं रुळावर वाकून खडी ठोकत असतात, पहारी लावून रूळ उचलत असतात. त्यांच्यापासून लांब एक जण झेंडी आणि शिट्टी घेऊन उभा असतो. त्यानं फक्त गाडीच्या वाटेकडे बघायचं आणि वेळेवर शिट्टी मारायची. काम सोपं दिसतं, म्हणून म्हाताऱ्या, आजारी माणसाला झेंडी देण्याची रीत होती. आप्पांना ती पटत नसे. नवा माणूस आला की जेवणाच्या सुट्टीत ते त्याला सगळ्यांकडे पाठ करून, रुळाकडे तोंड करून बसवायचे आणि मागं बबनमामांना गोष्ट सांगायला लावायचे. बबनमामा गोष्ट सांगायला लागले की गँग पोट धरून हसायची. जो वळून बघायचा, त्याच्या हातात झेंडी कधीच जायची नाही. "झेंडीवाल्याला माणसांत करमलं न्हाई पायजे," आप्पा म्हणत. बबनमामांची परीक्षा अर्थात कुणी घेतली नव्हती, कारण गोष्ट सांगणारे तेच. रूळ उचलताना आरोळीही त्यांचीच. साहेबाची टोपी वाऱ्यानं गेली... हैश्शा. बाभळीवर बसली... हैश्शा. त्या तालावर पोलाद हलायचं.

माझ्या लग्नानंतर वर्षभरातच बबनमामांची कंबर गेली. पहार उचलवेना. ते घरी आले, ओट्यावर बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांचं बोलणं मध्यावर आलं होतं. "सोपान, झेंडी दे मला. दुसरं काय मागत न्हाई."

"दुसरं काय बी माग," आप्पा म्हणाले.

पुढं महिना-दोन महिने हेच चाललं. वरचे साहेब म्हणाले, द्या की. बबनमामांची बायको सासूबाईंपाशी येऊन रडली, मग सासूबाईही आप्पांच्या मागं लागल्या. मीसुद्धा म्हणाले, आप्पा, एवढे मित्र तुमचे. एका सकाळी आप्पांनी बबनमामांना झेंडी दिली. डबा हातात घेऊन निघाले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता, एवढं मला आठवतं.

त्यानंतर जे झालं ते चौकशीत बाहेर आलं. गँग एका वळणाजवळ काम करत होती. बबनमामा लांब उभे. आरोळी द्यायला कुणी नव्हतं म्हणून दत्तू नावाच्या पोरसवदा गँगमननं ती दिली, आणि चुकीची दिली. साहेबाची टोपी विहिरीत गेली, म्हणाला. सगळे हसले. बबनमामा वळले. "विहिरीत न्हवं रं, बाभळीवर!" त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं, आणि राहवलं नाही म्हणून पुढच्या दोन ओळीही म्हटल्या. तेवढ्यात त्यांच्या मागून डबे नसलेलं मोकळं इंजिन आलं. बाकीचे उड्या मारून बाजूला झाले. दत्तूचा पाय गेला.

बबनमामांची नोकरी जाणार हे सगळे धरून चालले होते. चौकशीच्या खोलीत गँग उभी होती, बबनमामाही होते. आप्पांनी साहेबांना सांगितलं, "बबन या कामाचा माणूस न्हवता. मला म्हाईत व्हतं. तरीबी झेंडी मी दिली. चूक माझी हाय." या जबाबानं बबनमामांची नोकरी वाचली, त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. आप्पांची मुकादमी गेली, ते पुन्हा पहार घेऊन गँगमध्ये उभे राहिले. आम्हाला वाटलं, निदान दोस्ती तरी वाचली. त्याच संध्याकाळी बबनमामा आले. ओट्यावर चढले नाहीत. खालूनच म्हणाले, "सगळ्या गँगसमोर मला निकामी ठरवलंस."

"निकामी न्हाई म्हणालो, बबन. या कामाचा न्हाई म्हणालो."

"येकच हाय त्ये."

आणि गेले. मी दारात उभी होते. मला तेव्हा बबनमामांचंच बरोबर वाटलं होतं. आता वाटतं, दोघंही आपापल्या जागी अडकले होते आणि मध्ये दत्तूचा पाय होता. कुणी कुणाची समजूत घालावी? दत्तूला भेटायला मात्र दोघंही जात. एकमेकांच्या वेळा टाळून.

आप्पा निवृत्त झाले तेव्हा नवऱ्याच्या कारखान्याच्या नोकरीमुळे आम्ही शिरूरला राहत होतो. ते इकडे आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी लोखंडी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली. आम्ही आत टीव्हीपुढे हसतोय, पाहुण्यांच्या गप्पा रंगल्यात, आणि हे आमच्याकडे पाठ करून गल्लीकडे बघत बसलेले. लोकांना वाटायचं म्हातारा माणूसघाणा आहे. मी एकदा चिडून खुर्ची आत वळवली, तर म्हणाले, "राहू दे पोरी. तिकडं कुणीतरी बघाय पायजे." गल्लीतून आमच्या घरावर कोणती गाडी येणार होती, देव जाणे. एकदा नवऱ्याला कारखान्यात शेरा मिळाला, टीममध्ये मिसळत नाही. तो जेवेना. आप्पांनी पाठमोरंच विचारलं, "ज्यानं लिवलं, त्यो तुझ्यासंगं जेवतो का?" नवरा म्हणाला, नाही. मला वाटलं, आता आप्पा त्या साहेबाची खरडपट्टी काढतील. त्यांनी गल्लीवरची नजर काढली नाही. मग म्हणाले, "बबनसंगं मी रोज जेवायचो. संगं जेवूनबी चुकतं, बाबा."

त्याच खुर्चीत ते गेले. दुपारचे बसले होते, मान कलली. आम्ही मागं बोलत होतो, आम्हाला कळलंसुद्धा नाही. हे मला फार लागलंय.

गेल्या आठवड्यात बबनमामा आले. दौंडहून एसटीनं, एकटेच, काठी टेकत. आल्या आल्या दारातल्या पहिल्या खुर्चीत बसले, म्हणजे आप्पांच्याच. आमच्याकडे पाठ, तोंड गल्लीकडे. सासूबाई आत भिंतीला टेकून बसलेल्या. मग मी माझं काम करायला घेतलं. चहा टाकता टाकता उगाच माझ्या भाकरीची गोष्ट काढली, आप्पा काय म्हणाले होते, मी कशी न्हाणीघरात रडले आणि सासूबाईंनी मला शोधून काढून कशी तीच जळकी भाकरी खायला घातली. सासूबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

खुर्ची करकरली. बबनमामा वळले होते. हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"वळलोच बघा, वहिनी," ते सासूबाईंना म्हणाले. "त्याला म्हाईत व्हतं..."

मग उठून त्यांनी सबंध खुर्ची आमच्याकडे फिरवली आणि दिवेलागणीपर्यंत बोलत बसले. ते शेवटच्या एसटीला गेल्यावर मी कप उचलायला लागले. सासूबाई भिंतीचा आधार घेत उठल्या आणि खुर्ची ओढत ओढत पुन्हा दाराकडे वळवली. मी म्हणाले, आत्या, राहू द्या ना आता.

"असू दे," त्या म्हणाल्या. "त्यांना तशीच लागती."